अळीचा कौल

टोपलीवरचं फडकं अजून उघडलंही नव्हतं, तरी पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी घुमायला लागल्या होत्या. डोंगराईदेवीच्या देवळापुढं सगळं धामणदरा गाव सकाळच्या उन्हात बसलं होतं. म्हातारी माणसं पारावर, बायका भिंतीच्या सावलीला, तरुण मंडळी मोबाईल वर धरून उभी. एरवी ग्रामसभेला माणसं जमावीत म्हणून ग्रामसेवक फोन करून करून थकतो. त्या दिवशी कुणाला बोलवावं लागलं नव्हतं.

मधोमध वेताची मोठी टोपली होती. तिच्याभोवती ऊद-कापराचा इतका धूर, की माणसं खोकत खोकत हात जोडत होती. धुरामागं वाघाच्या कातड्याचा छाप असलेली चादर अंथरून श्री पर्णनाथ महाराज बसले होते. खरा वाघ मिळाला नसावा.

"लेकरांनो, मानूस खोटं बोलतो. पन आळी खोटं खात न्हाई!" महाराज गरजले. "आळी म्हंजी देवीची जीभ. सांगा बरं, पाप कसं असतं?"

"गोड!" गाव ओरडलं. आठवडाभर हाच पाठ चालला होता.

"आन पुन्य?"

"कडू!"

"म्हनून आळी पापाचं पान खाती आन पुन्याचं सोडती. रातभर उपाशी आळ्या सोडल्यात मी हितं. ही करनी कुनाची, ते देवीनं चाखून बघितलंय. आता तुमी डोळ्यांनी बघा."

फडकं निघालं. गावात ज्यांचा ज्यांचा साग आहे, त्या प्रत्येकानं आपल्या झाडाचं एक पान आदल्या संध्याकाळी टोपलीत ठेवलं होतं. ओळख पटावी म्हणून देठाला आपापल्या घरातल्या कापडाची चिंधी बांधायची, असा महाराजांचा नियम होता. महाराज एकेक पान उचलून दाखवायला लागले. बिभीषण मुकादमाचं पान निघालं, त्याची कडसुद्धा कुरतडलेली नव्हती. त्याच्या टोळीतल्या श्रीमंतचं निघालं, तेही तसंच. पानामागून पान हिरवंगार निघत होतं आणि ज्याचं पान त्याचा जीव भांड्यात पडत होता. अगदी तळातून शेवटचं निघालं, त्याला पान म्हणायचं ते सवयीनं. शिरांची जाळी तेवढी उरली होती आणि तिला पोट भरून सुस्तावलेल्या अळ्या चिकटून होत्या. देठाला हिरव्या लुगड्याची चिंधी होती.

"झुंबराची!" कुणीतरी म्हणालं. मग सगळेच म्हणायला लागले.

झुंबरबाई माझ्या शेजारीच उभी होती. तिनं चिंधी ओळखली, पदर तोंडाशी नेला आणि मटकन खाली बसली. तिच्या आजूबाजूच्या बायका उठून लांब सरकल्या. कालपर्यंत त्याच तिच्याबरोबर एका हापशावरून पाणी भरत होत्या.

मी शोभा. इथल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, रोज पाथर्डीहून एसटीनं येते आणि गावात 'देव न मानणाऱ्या मॅडम' म्हणून ओळखली जाते. देवाशी माझं काही वाकडं नाही. त्याच्या वतीनं जे बोलतात, त्यांच्याशी आहे.

धामणदऱ्यात दसरा झाला की घरोघर कुलपं लागतात. ट्रॅक्टर भरभरून माणसं ऊस तोडायला जातात, ती उन्हाळ्यातच परत येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकट्या माणसाचा कोयता नसतो. अर्धं वर्ष ज्या शेताकडं बघायला कुणी नाही, त्यात लावायचं तरी काय? म्हणून काही वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून साग लावला. सागाला राखण लागत नाही, खुरपणी लागत नाही. लावायचा आणि विसरायचा. झाडं मोठी झाली की कोयता सुटेल, ही एकच आशा गावात प्रत्येकाच्या मनात होती.

झुंबरबाईचा नवरा कल्याण मागच्या हंगामाआधी तापानं गेला. नवरा गेला म्हणजे कोयता मोडला. टोळीचा मुकादम बिभीषण तिला म्हणाला, "पोरीला घे संगं. मायलेकीचा कोयता करू." पोरगी म्हणजे राजेश्वरी, माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसते, यंदा दहावीला आहे. झुंबरबाई नाही म्हणाली. मुकादमाला नाही म्हणायची गावात पद्धत नाही, कारण टोळीत कुणाचं नाव घ्यायचं ते तोच ठरवतो.

गाव ऊसतोडीला गेलं आणि झुंबरबाई घरी राहिली. हाताला काम नव्हतं, म्हणून तिनं झाडांना जीव लावला. खालच्या फांद्या छाटल्या, बुंध्याभोवती पाण्यासाठी आळी केली, चैत्रापासून विहिरीचं पाणी दिलं. गाव परत आलं तेव्हा सगळ्यांचे साग बोडके उभे होते आणि झुंबरबाईच्या शेतात पोपटी पालवी सळसळत होती. लोकांनी कौतुक केलं. पुढं महिन्याभरात तिच्या झाडांवर अळी पडली. तिथून ती शेजारच्या शेतात गेली, मग त्याच्या पलीकडच्या. श्रावण उजाडेपर्यंत सगळ्या गावचा साग शिरांवर आला, झाडागणिक चार-दोन धड पानं तेवढी उरली. दुपारी सागाखाली उभं राहिलं की अळ्यांच्या लेंड्या वाळक्या पानांवर पडून भुरभूर पाऊस लागल्यासारखा आवाज यायचा. कौतुक करणारेच आता विचारायला लागले, आधी हिच्याच झाडावर कशी आली?

प्रश्न चांगला होता. उत्तर शोधायला मात्र मुकादमानं महाराज आणला.

कौलानंतर महाराजांनी निकाल सांगितला. झुंबरबाईच्या सागावर करणी आहे, सगळी झाडं तोडून शिवेबाहेर न्यायची. पण देवी दयाळू आहे. आज रस्त्याकडची अर्धी तोडायची, मग दुसरा कौल लावायचा. अळीनं झुंबरबाईचं पान सोडलं तर उरलेली झाडं वाचली. खाल्लं तर तीही जातील.

दुपारी शाळा सुटल्यावर मी तिच्या शेतात गेले. रस्त्याकडचा साग आडवा झाला होता. फांद्या साळून खोडं ट्रॉलीत भरणं चाललं होतं आणि ट्रॉलीवर ठसठशीत अक्षरांत मुकादमाचं नाव होतं.

"देवीनं मागितलेलं लाकूड तुमच्या ट्रॉलीत कसं?" मी विचारलं.

बिभीषण हसला. "शिवंबाहेर कुनीतरी न्यायला पायजेल का न्हाई, मॅडम? डिझेल बी माझंच जाळतोय. पुन्याचं काम हाय."

"साग तोडायला सरकारची परवानगी लागते."

"देवीची हाय की!"

आजूबाजूचे गडी हसले. त्यांत झुंबरबाईचा सख्खा धाकटा दीर श्रीमंत होता. त्याच्या हातात कुऱ्हाड होती आणि तो हसत नव्हता, पण तोडायचं काही थांबवत नव्हता.

झुंबरबाई एका ताज्या बुडख्यावर बसली होती. मी तिच्याजवळ गेले.

"तुम्ही काही बोलला का नाहीत, झुंबरबाई?"

"काय बोलू, मॅडम? आळीला काय माझं नाव ठावं हाय? ती काय मुकादमाचं ऐकती? समद्यांची पानं सोडून तिनं माझंच खाल्लं. म्हंजी माझ्यातच काईतरी असंल."

महाराजाचं सगळं बरळणं मी ऐकून घेतलं होतं, पण हे वाक्य मला ऐकवेना. त्या माणसानं नुसती झाडं तोडली नव्हती. त्यानं हिला पटवलं होतं.

"तुमच्यात काय असणार?"

"मालक गेले. मग आळी आली. देवीनं मला टाकलंच हाय. काल सांजच्याला माझ्या पानाला तीर्थ बी लावू दिलं न्हाई."

संध्याकाळची पाचची एसटी चुकली तर मला मुक्काम पडतो, म्हणून पानं ठेवायच्या वेळी मी गावात नव्हते. मी तिला नीट सांगायला लावलं.

"समद्यांच्या पानाला म्हाराजांनी तांब्याच्या लोट्यातलं तीर्थ चोळलं. दोन्ही अंगांनी. म्या पान फुडं केलं, तर म्हनले, विधवा बाईच्या वस्तूला देवीचं तीर्थ चालत न्हाई. माझं पान साध्या पान्यानं पुसलं."

"आणखी कुणाच्या पानाला साधं पाणी?"

"कुनाच्याच न्हाई. बाकी समदे गडीच हुते."

मी शेजारच्या बुडख्यावर बसले. सगळ्या गावासमोर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एकच पान वेगळं पुसलं गेलं होतं आणि कुणाला काही खटकलं नव्हतं. खटकणार कसं? हळदीकुंकवाला तिला बोलवत नाहीत, ओटीला तिचा हात लागू देत नाहीत. तीर्थ मिळालं असतं तरच लोकांनी माना वर केल्या असत्या. त्या लबाडाला पडदा लावायची गरजच पडली नाही, गावानं आधीच शिवून ठेवला होता.

आमच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे दोन बाकं आणि कुलूप मोडलेलं कपाट. तिथं मी झुंबरबाईच्या झाडावरच्या अळ्या एका खोक्यात ठेवल्या आणि त्यांना मुकादमाच्या, श्रीमंतच्या आणि झुंबरबाईच्या झाडांची साधी, न पुसलेली पानं दिली. दुसऱ्या दिवशी सगळ्या पानांच्या जाळ्या झाल्या होत्या. अळ्यांनी मुकादम आणि विधवा असा काही भेद केला नव्हता. मग एका पानाच्या डाव्या अंगाला मी निंबोळ्या कुटून भिजवलेलं पाणी चोळलं आणि उजवं अंग तसंच ठेवलं. अळ्यांनी उजवं अंग फस्त केलं, मधल्या शिरेपर्यंत आल्या आणि थांबल्या. डावं अंग जसंच्या तसं राहिलं.

निंबोळीचा अर्क काही मी शोधून काढलेला नाही. कृषी सहायक दर वर्षी येऊन त्याची माहिती देतो. कापसावर आणि भाजीवर हेच गाव तो फवारतं. लोट्यात तोच होता हे मला तेव्हा सिद्ध करता येत नव्हतं, पण दुसरा कौल जवळ आला होता आणि सिद्ध करायची तीच एक जागा होती.

मी श्रीमंतला गाठलं. तो शाळेच्या कुंपणाशी उभा राहून बोलायला तयार झाला, आत यायला नाही.

"भावाची झाडं तुमच्या हातानं तोडलीत, श्रीमंत."

"मुकादमानं सांगितलं. न्हाई म्हनलो तर टोळीत घेत न्हाई. मग मी काय करू?"

"उरलेली तुटली की झुंबरबाईला कोयता धरावाच लागेल. आणि कोयत्याला जोडीदार लागतो. तो कोण, ते सांगू का?"

तो कुंपणाच्या तारेला हात लावून उभा राहिला.

"राजी लई हुशार हाय, मॅडम," तो शेवटी म्हणाला. "सातबाऱ्यातलं इंग्रजीवानी मराठी बी तिलाच कळतं. तिला ऊस तोडाया लावलं तर दादा मला सपनात येऊन मारंल. काय करायचं, सांगा."

करायचं फार थोडं होतं. कौलाच्या आदल्या दिवशी दुपारी मी आणि श्रीमंत आधी मुकादमाच्या शेतात गेलो. विहिरीवरच्या पाटीवर त्याचं नाव रंगवलेलं होतं. त्या पाटीशेजारच्या सागाचं एक पान श्रीमंतनं तोडलं आणि त्याच्या देठाला झुंबरबाईच्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधली. मग झुंबरबाईच्या उरलेल्या सागाचं पान तोडून त्याला स्वतःच्या धोतराची चिंधी बांधली. पाटी, झाड, चिंधी, सगळं मी मोबाईलवर चित्रित करून ठेवलं. थोडक्यात, आता झुंबरबाईच्या हातात मुकादमाच्या झाडाचं पान होतं आणि झुंबरबाईच्या झाडाचं पान श्रीमंतच्या नावावर होतं. अळीला पाप कळत असेल, तर तिनं श्रीमंतच्या चिंधीचं पान खायला हवं.

त्या संध्याकाळी मी एसटी सोडून दिली. पुन्हा तोच धूर, तीच टोपली. गडी रांगेनं पान पुढं करत होते आणि महाराज तांब्याच्या लोट्यात फडकं बुडवून दोन्ही अंगांनी चोळत होते. झुंबरबाईची पाळी आली तशी त्यांनी लोटा बाजूला सरकवून पितळी गडू ओढला.

"महाराज," मी म्हणाले, "ह्यांच्याही पानाला तेच तीर्थ लावा ना. देवीपुढं सगळी लेकरं सारखीच असतील."

महाराजांनी डोळे मिटून स्मित केलं. "मॅडम, तुमी शिकल्याल्या हाय. रीत तुमाला ठावी न्हाई."

मला वाटलं होतं, निदान बायका माझ्या बाजूनं बोलतील. पहिल्या रांगेतली लंकाबाई उठून उभी राहिली. तिचाही नवरा जाऊन वर्षं झाली आहेत, पण कर्ता मुलगा असल्यामुळे पान घेऊन तो आला होता.

"विधवंला तीर्थ? काय बोलता, मॅडम? देवीला इटाळ करायचा हाय का आमच्या?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. झुंबरबाईनंही डोलावली. मी खाली बसले. ते पान साध्या पाण्यानं पुसून टोपलीत गेलं, त्यावर उपाशी अळ्या सोडल्या आणि फडकं बांधलं गेलं.

सकाळी गर्दी दुप्पट होती. शेजारच्या वाड्यांवरूनही लोक आले होते. मुकादमाची रिकामी ट्रॉली देवळामागं तयार उभी होती, त्याला निकाल आधीच माहीत असावा. महाराजांनी पापपुण्याचा पाठ पुन्हा म्हणून घेतला आणि फडकं काढलं. पानं एकेक करून निघाली. मुकादमाचं शाबूत, श्रीमंतचं शाबूत, सगळी शाबूत. तळाशी तीच जाळी, देठाला तीच हिरवी चिंधी.

"पुन्हा तीच!" महाराज उभे राहिले. "देवीनं दुसऱ्यांदा सांगितलं! आता तरी पटलं का?"

"मला पटलं," मी पुढं झाले. "फक्त एक सांगा महाराज. हे पान ज्याच्या झाडाचं, करणी त्याची. बरोबर?"

"शंभर टक्के."

"अळी चुकत नाही?"

"सूर्य चुकंल, आळी चुकायची न्हाई!"

"मग ट्रॉली मुकादमाच्या शेतात न्या. हे पान त्यांच्या झाडाचं आहे."

मी मोबाईल लंकाबाईच्या मुलाच्या हातात दिला. त्यानं पाहिलं, त्याच्या शेजारच्यानं पाहिलं. विहिरीची पाटी सगळ्या गावाच्या ओळखीची होती. मोबाईल हातोहात फिरत गेला तसा आवाज विरत गेला.

"आन ह्ये माझ्या चिंधीचं, अख्खं राहिलेलं," श्रीमंत उभा राहून म्हणाला. "ह्ये वैनीच्या झाडाचं हाय. म्या तोडलंय."

"चोरून पान तोडतो व्हय रं?" बिभीषण त्याच्या अंगावर धावला. "माझ्या रानात पाय ठेवायची तुझी..."

"मुकादम, एकच प्रश्न आहे," मी मध्ये उभी राहिले. "तुम्ही काल पान कोणत्या झाडाचं आणलंत?"

"हिरीजवळच्या."

"हेही विहिरीजवळचंच. एकाच झाडाची दोन पानं. तुमच्या हातातलं अख्खं राहिलं आणि ह्या बाईच्या हातातलं अळीनं खाल्लं. पाप झाडाचं असेल तर दोन्ही खायला हवी होती. मग फरक कुठं पडला?"

मी टोपलीतून मुकादमाचं अख्खं पान उचललं आणि सगळ्यांसमोर जिभेला लावलं. ऊद आणि कापराचा वास होता आणि त्याच्या खाली ती ओळखीची, घशापर्यंत उतरणारी कडू चव होती. मी पान लंकाबाईपुढं धरलं. तिनं आधी तोंड फिरवलं, मग बोट लावून चाखलं.

"आगं बया," ती म्हणाली. "ही तर निंबोळी हाय!"

पाडव्याला प्रत्येक घरात कडुनिंब खाल्ला जातो. ही चव त्या अंगणात कुणाला ओळखू येणार नव्हती? पान फिरलं, बोटं लागली, माणसं थुंकली. कुणीतरी जाळी झालेल्या पानाची शीर चाखली, ती कडू नव्हती. श्रीमंतनं तांब्याचा लोटा उचलून महाराजांपुढं धरला.

"घ्या म्हाराज, तीर्थ घ्या. तुमचंच हाय."

"देवीचा कोप हुईल!" महाराज मागं सरकले. "वंश बुडंल!"

"एक घोट घ्या की."

त्यांनी घेतला नाही.

मग मी सांगितलं, जसं सातवीच्या वर्गाला सांगते तसं. कडुनिंबाचा रस लागलेलं पान अळीला नकोसं होतं, ती उपाशी राहील पण त्याला तोंड लावणार नाही. पुरुषांच्या पानांना तोच रस चोळला आणि एका बाईच्या पानाला साधं पाणी, मग अळीपुढं खायला उरलंच काय? आणि अळी आधी हिच्याच शेतात का आली, तेही ऐका. सागाच्या ह्या अळीचा पतंग कोवळ्या पालवीवर अंडी घालतो, कारण नुकत्या जन्मलेल्या अळीला जून पान चावता येत नाही. वैशाखात अख्ख्या शिवारात कोवळं पान कुणाकडं होतं? जिनं उन्हाळाभर पाणी घातलं तिच्याकडं. तुम्ही घरी नव्हता म्हणून तुमची झाडं बोडकी होती, म्हणून तुमच्याकडं अळी उशिरा आली. हिनं राबून झाडं वाढवली, ती हिची करणी. दुसरी कुठलीही नाही.

पोलिसांना मी सकाळीच फोन केला होता. ते आले आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली महाराजांना घेऊन गेले. त्यांचं खरं नाव छगन होतं आणि पूर्वी ते कुठल्याशा कृषी सेवा केंद्रात औषधं विकायला होते, हे पोलीस ठाण्यात कळलं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि गावानं विचारलं नव्हतं.

ही गोष्ट इथं संपवली असती तर तुम्हालाही बरं वाटलं असतं आणि मलाही.

जबाब द्यायला पोलीस ठाण्यात मी आणि श्रीमंत दोघंच गेलो. अख्ख्या गावानं पान चाखलं होतं, पण साक्षीला विचारलं तेव्हा कुणाला काही आठवेना. तोडलेलं लाकूड शिवेबाहेर गेलं ते परत आलं नाही. मुकादम म्हणाला, मलाही महाराजानं फसवलं. लोकांनी मान्य केलं, कारण दसरा जवळ आला होता आणि टोळ्या ठरायच्या होत्या. श्रीमंतचं नाव त्यानं टोळीत घेतलं नाही. छगन जामिनावर सुटला. पलीकडच्या तालुक्यात कुणी पानांवरून कौल लावतो असं ऐकते आहे.

भाद्रपदात गावच्या सगळ्या सागाला पुन्हा पालवी फुटली. अळीनं खाल्लेला साग मरत नाही, अळीचा बहर ओसरला की महिन्याभरात पुन्हा पानं काढतो. एकाही झाडाला कुऱ्हाड लावायची गरज नव्हती. हे मी वर्गात फळ्यावर लिहिलं, पारावर सांगितलं, ग्रामसभेतही बोलले. परवा हापशावर लंकाबाई दुसरीला सांगताना ऐकलं, "महाराज खोटा निघाला, त्ये खरं. पन तिची अर्धी झाडं तुटली आन लगीच समद्यांचं रान हिरवं झालं का न्हाई? काईतरी असतंय, बाई." झुंबरबाईच्या घरी अजून कुणी चहाला जात नाही.

तिची राहिलेली अर्धी झाडं उभी आहेत आणि राजेश्वरी शाळेत येते. एवढं पदरात पडलं. मागच्या आठवड्यात मी शेतात गेले होते. तोडलेल्या बुडख्यांना बाजूनं धुमारे फुटले आहेत, जाड, रसरशीत आणि पोपटी. सागाची जातच चिवट. झुंबरबाई त्या धुमाऱ्यांकडं बघत उभी होती.

"मॅडम, येत्या उन्हाळ्यात पानी घालू का नगो?"

कष्ट केले म्हणून शिक्षा झालेली बाई आता कष्ट करायची परवानगी मागत होती. "घाला," मी म्हणाले.

ती घालेल. शिवारातली पहिली पालवी पुन्हा तिच्याच शेतात येईल आणि पतंग आधी तिथंच उतरतील, कारण त्यांच्या पिल्लांना कोवळं पान लागतं. हे आत्ताच सांगून ठेवते. तेव्हा कुणी टोपली घेऊन आला, तर माझ्यावर विश्वास ठेवू नका आणि त्याच्यावरही ठेवू नका. पान स्वतः तोडा, अळी स्वतः सोडा, आणि एवढंच विचारा, की बाईच्या पानाला आणि गड्याच्या पानाला एकाच लोट्यातलं पाणी लावलं का? नसेल लावलं, तर तो कौल देवीचा नाही. लोटा ज्याच्या हातात आहे, त्याचा आहे.